कलनाचा वर्ग आणि एकाकी अभ्यास

अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थी विज्ञान व अभियांत्रिकी या शाखा मध्येच का सोडतात, या प्रश्नाच्या विचारात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी केलेला अभ्यास आजही पायाभूत मानावा लागतो. पहिल्या सत्रातील कलन हा विषय म्हणजे या शाखांचा उंबरठाच. आणि १९७० च्या दशकात तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के त्यात ‘डी’ किंवा ‘एफ’ या श्रेणींपर्यंत घसरत.

अध्यापकांच्या मते याची कारणे चार : प्रेरणेचा अभाव, कच्ची पूर्वतयारी, घरची उदासीनता आणि दारिद्र्य. ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष त्यांच्या सहवासात राहून न्याहाळला, तेव्हा यांपैकी एकही कारण टिकेना. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितल्याप्रमाणे आठवड्यास आठ तास नेमाने, परंतु एकटेच, अभ्यास करीत. चिनी विद्यार्थी सुमारे चौदा तास देत. आधी स्वतंत्रपणे, मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. जे उदाहरण कोणालाच सुटले नाही ते मुळातच अवघड आहे, हे त्यांस कळे. एकट्याला मात्र तीच अडचण स्वतःच्या बुद्धीचे वैगुण्य वाटे. विपर्यास असा की, ज्या स्वावलंबनाच्या बळावर ही मुले विद्यापीठापर्यंत पोहोचली, तेच येथे त्यांच्या आड आले.

१९७८ च्या सुमारास सुरू झालेल्या कार्यशाळेत म्हणूनच उजळणी नव्हती. विद्यार्थ्यांस गुणवंत म्हणून पाचारण केले जाई, नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली जात, व ती लहान गटांत चर्चेने सोडवावी लागत. मार्गदर्शकाने उत्तर सांगावयाचे नाही. (आपल्याकडील पूरक वर्गांची कल्पना बहुधा याच्या नेमकी उलट असते.) सहभागी कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांनी गोऱ्या व आशियाई सहाध्यायांनाही मागे टाकले. अर्थात कार्यशाळेस येणारे स्वेच्छेने येत, तेव्हा यशाचे सारे श्रेय पद्धतीस देणे धाडसाचे होईल. तथापि अपयशाचे मूळ विद्यार्थ्याच्या ठायी शोधण्याची सवय या प्रयोगाने मोडली, हे निःसंशय.

१९८८ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाने हीच पद्धती स्वीकारली. पुढे १९९६ च्या जनमताने कॅलिफोर्नियातील शासकीय विद्यापीठांत वंशाधारित प्राधान्यास बंदी आली, आणि अशा योजनांना निवडीचे निकष बदलावे लागले. कठीण उदाहरणे व गटचर्चा यांना मात्र त्या बंदीचा काहीच अडसर नव्हता.