काळीज नेमकं कुठे असतं?

घरातल्या कोणालाही सहज विचारून पाहा, "हृदय कुठे असतं रे?" नातवापासून आजोबांपर्यंत बहुतेकांचा हात छातीच्या डाव्या बाजूला जाईल. सिनेमातल्या नायकाला गोळी डावीकडे लागते, प्रेमपत्रातला बाण डावीकडे घुसतो आणि शर्टाचा खिसाही डावीकडेच असतो. इतके साक्षीदार एकाच बाजूला असल्यावर संशय येणार तरी कसा?

भाषेनेही या गोंधळात आपली भर घातली आहे. आपलं काळीज तुटतं, काळजाचं पाणी होतं, काळजाचा ठोका चुकतो. पण वसईच्या बाजारात मटणाच्या दुकानात जाऊन 'कलेजी' मागितलीत, तर दुकानदार यकृत काढून देतो, हृदय नव्हे. गंमत अशी, की हे दोघे एकमेकांचे सख्खे शेजारी. मध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा. त्याच्या वर हृदय आणि खाली, बराचसा उजवीकडे पसरलेलं यकृत. तेव्हा काळीज आणि कलेजी यांची गल्लत झाली असेल, तर ती एका भिंतीच्या अंतराची आहे!

खरा पत्ता असा. छातीच्या मधोमध जे उभं चपटं हाड हाताला लागतं, त्या उरोस्थीच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे हृदय असतं. आकार साधारण आपल्या मुठीएवढा, वजन पाव किलोहून थोडं जास्त. ते सरळ उभं नसून तिरकं असतं. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे झुकतो आणि निमुळतं टोक पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीपाशी छातीच्या भिंतीला टेकतं. हाताला ठोका लागतो तो या टोकाचा. ठोका डावीकडे लागतो म्हणून घरही डावीकडेच असणार, असं आपण धरून चालतो. आपले चित्रकार मात्र चुकलेले नाहीत. छाती फाडून दाखवणाऱ्या मारुतीच्या तसबिरीत राम-सीता मधोमध असतात, आणि आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर दिसते, तिच्यातलं हृदयही बहुधा मध्यावरच असतं.

माझी नोकरीची वर्षं बँकेत गेली, त्यामुळे मला यात स्ट्राँगरूम दिसते. मौल्यवान वस्तू कोणी रस्त्याकडेच्या खोलीत ठेवत नाही. हृदयाला पुढून उरोस्थी, मागून कणा, बाजूंनी बरगड्यांच्या १२ जोड्या आणि भोवती दुपदरी पिशवी. दोन्हीकडे फुप्फुसांच्या गाद्या. त्यातही डाव्या फुप्फुसाने शेजारधर्म पाळून जागा सोडलेली. उजव्याला तीन खण, डाव्याला दोनच. शिवाय हृदयासाठी त्याच्या कडेला एक खाच.

पण शेजाऱ्यांतला सर्वांत महत्त्वाचा पाठीमागे राहतो. तो म्हणजे अन्ननलिका. हृदयाचा डावा वरचा कप्पा तिला जवळजवळ चिकटूनच असतो. इतका, की काही वेळा डॉक्टर घशातून नळी उतरवून अन्ननलिकेतूनच हृदयाची सोनोग्राफी करतात. दोघांच्या वेदनेच्या तारा मेंदूकडे जाताना एकमेकींत मिसळतात. त्यामुळे जळजळ पित्ताची की हृदयाची, हे पुष्कळदा माणसालाच काय, डॉक्टरलाही कार्डिओग्रामशिवाय सांगता येत नाही.

माझ्या या सगळ्या खटाटोपाचं कारण इथेच आहे. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक राहत. एका पहाटे त्यांच्या छातीच्या मध्यभागी दडपल्यासारखं होऊ लागलं. घाम आला. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. "डावीकडे दुखत नाही ना? मग गॅसच आहे," असं स्वतः मास्तरच सगळ्यांना समजावत होते. उजाडेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्यापर्यंत भेटायला येणारा प्रत्येक जण तेच वाक्य ऐकत होता, "पण डावीकडे दुखतच नव्हतं हो!"

हृदयविकाराच्या झटक्यात वेदना बहुधा छातीच्या मध्यभागी येते. ती टोचत नाही. कोणी छातीवर बसल्यासारखी, आवळल्यासारखी वाटते. हाताकडे, खांद्याकडे, पाठीत, जबड्यापर्यंत पसरते, कारण त्या भागांच्या आणि हृदयाच्या नसा मज्जारज्जूच्या एकाच पट्ट्यात येऊन मिळतात. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर कधी छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा येतो. रक्तवाहिनी तुंबली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. ओवा-सोड्यात घालवलेला तास परत मिळत नाही.

विश्वास बसत नसेल, तर बायपास झालेल्या एखाद्या नातेवाइकाच्या छातीवरचा व्रण आठवा. तो गळ्याखालून सरळ मधोमध उतरतो. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसात बसवलं, आणि अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, आपल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रोगी काही तासच जगला. देशात यशासाठी १९९४ साल उजाडावं लागलं. पण मुंबईच्या सरकारी खजिन्यावर नव्हे, तर महापालिकेच्या रुग्णालयात हे धाडस झालं होतं, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

अपवादही आहेत. दर दहा-बारा हजारांत साधारण एकाचं हृदय जन्मतःच उजवीकडे झुकलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. जुन्या सवयीने हिशेब केला, तर आपल्यात अशी शंभरेक माणसं निघावीत. त्यांतल्या काहींना स्वतःलाही ते ठाऊक नसेल. एखाद्या एक्स-रेमुळेच कळायचं.

मात्र अपवाद सोडून नियम लक्षात ठेवू या, कारण त्यावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून असू शकतो. विरार लोकलच्या गर्दीत किंवा घरातच कोणी अचानक कोसळलं, हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने दोन्ही तळवे एकावर एक ठेवून उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, म्हणजे छातीच्या मधोमध, जोराने दाबायला लागावं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. हाड आणि कणा यांच्यामध्ये हृदय असल्यामुळेच या दाबाने रक्त पुढे सरकतं. डावीकडे दाबून ते साधत नाही.

आज जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना एकदा छातीवर हात ठेवायला सांगा. आणि ज्याचा हात डावीकडे जाईल, त्याचा हात धरून चार बोटं मध्यावर सरकवा.