प्लॅस्टिकचा तांदूळ?

श्रीरामपूरच्या एका वस्तीत मावशी रेशनच्या तांदळातले पिवळसर दाणे वेचून फेकत होत्या. "प्लॅस्टिक आहे बाबा!" प्लॅस्टिक कसले? तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ जीवनसत्त्व घालून केलेले ते दाणे. १०० किलोत १ किलो मिसळलेले. मार्च २०२४ पर्यंत हा तांदूळ देशभर रेशनवर पोहोचला. गोणीवर शब्द 'फॉर्टिफाइड'! तो कुणाला कळावा? रक्तवाढीसाठी घातलेले लोह उकिरड्यावर गेले आणि अडाणी ठरल्या मावशी. सिकलसेल, थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी तेव्हा असलेली सूचना तर ठळक सांगायला हवी होती. दुकानाच्या फळ्यावर भाव लिहिता येतो, तिथे या दोन ओळी मराठीत लिहायला कोणाचा हात धरला होता?