चूक आधी कुणाला कळते?

उत्तर येत असूनही मूल घाईत चुकीच्या पर्यायावर खूण करतं आणि लगेच ऐकतं, ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ दाखवून दिल्याशिवाय चूक कळतच नाही, असं आपण धरून चालतो. मेंदू मात्र कुणी सांगायची वाट पाहत नाही.

१९९०च्या सुमारास जर्मनीत मिखाएल फाल्केनश्टाइन आणि अमेरिकेत विल्यम गेहरिंग यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, झटपट कळ दाबण्याच्या कामात लोकांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींचा आलेख, घेतला. चुकीची कळ दाबली गेल्यावर अवघ्या ५० ते १०० मिलिसेकंदांत डोक्याच्या पुढच्या भागात, मधोमध, एक ऋण विद्युत लाट उमटत होती. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो! तिचा उगम मुख्यतः मेंदूतल्या अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागात मानला जातो. काही प्रयोगांत तर माणसाला न जाणवलेल्या चुकीनंतरही ही लाट दिसली. ‘अरे, चुकलं!’ या जाणिवेशी नातं आहे ते २०० ते ४०० मिलिसेकंदांनी येणाऱ्या दुसऱ्या, धन लाटेचं.

हे सगळं घसरलेल्या हाताबद्दल आहे, हे विसरू नये. उत्तरच ठाऊक नसेल तर मेंदू दिलेल्या उत्तराची तुलना कशाशी करणार? तिथे सांगणारं माणूस लागतंच. म्हणून नजरचूक आणि अज्ञान या दोन्हींवर एकच ओरडा मला अन्यायाचा वाटतो.

चुकल्यावर माणूस सावध होतो, हा दुसरा समज. चुकीनंतरचं उत्तर हळू येतं, हे पॅट्रिक रॅबिट यांनी १९६६मध्येच नोंदवलं होतं. पण हळू म्हणजे अचूक, असं दर वेळी होत नाही. २००९मध्ये बेल्जियमच्या विम नोटेबार्ट यांच्या गटाने काम इतकं कठीण केलं की बरोबर उत्तरच विरळ झालं. तेव्हा लोक बरोबर उत्तरानंतर मंदावले. अनपेक्षित घटनेने लक्ष खेचलं जातं, हेही मंदावण्याचं एक कारण आहे.

दोन उत्तरांमध्ये होणारी मनातली ओढाताण म्हणजे दुबळेपणा, हेही खरं नाही. हिरव्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द पाहून शाईचा रंग सांगताना वाचता येणारा जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५चा प्रयोग याच जातीचा. अशी एक अडचण नुकतीच पार केली असेल, तर लगेच आलेल्या दुसऱ्या अडचणीचा त्रास बहुधा कमी होतो.

आणि चुकीनंतरची ती पहिली, ऋण लाट जितकी मोठी तितका मेंदू हुशार, असंही नाही. ओसीडी, म्हणजे तेच विचार नि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार, असलेल्यांमध्ये ती सरासरीने मोठीच आढळते.