उमी-शिबाउरा रेल्वेस्थानक

उमी-शिबाउरा रेल्वेस्थानक : जपानमधील त्सुरुमी लोहमार्गाच्या एका शाखेवरील अंतिम स्थानक. ते होन्शू बेटावर, योकोहामा शहराच्या त्सुरुमी प्रभागात, समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर आहे. मुख्य त्सुरुमी स्थानकापासूनचे अंतर ४.७ किमी. स्थानकात एकच रूळमार्ग व एकच फलाट असून फलाटाच्या कडेलाच कालव्याचे खारे पाणी आहे. दुसऱ्या बाजूस तोशिबा उद्योगसमूहाचा केइहिन कारखाना आहे. स्थानकाचा एकमेव दरवाजा या कारखान्यात उघडतो. त्यामुळे प्रवेशपत्र नसलेल्या प्रवाशास तेथून बाहेर पडता येत नाही.

अशा स्थानकाचे कारण या किनाऱ्याच्या औद्योगिक इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उद्योगपती आसानो सोइचिरो यांनी त्सुरुमी व कावासाकी यांच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात भराव घालण्याचे काम हाती घेतले. त्या जमिनीवर पोलाद, सिमेंट, खनिज तेल, यंत्रसामग्री इत्यादींचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या मालवाहतुकीसाठी १९२४ मध्ये त्सुरुमी रिंको ही खाजगी रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिची मालवाहतूक १९२६ मध्ये आणि प्रवासी वाहतूक १९३० मध्ये सुरू झाली. भरावाच्या जमिनीवर जुनी गावे नसल्याने अनेक स्थानकांना उद्योगपतींची नावे मिळाली. आसानो हे स्थानक खुद्द सोइचिरो यांच्या, तर आन्झेन हे यासुदा झेन्जिरो या बँकव्यावसायिकाच्या नावावरून ओळखले जाते.

उमी-शिबाउरा हे नावही कारखान्याशी निगडित आहे. ‘उमी’ म्हणजे समुद्र. ‘शिबाउरा’ हा शब्द शिबाउरा अभियांत्रिकी कारखान्याच्या नावातून आला. या कंपनीचे १९३९ मध्ये टोकिओ विद्युत् कंपनीशी विलीनीकरण होऊन पुढे तोशिबा या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी निर्माण झाली. आसानो स्थानकापासून निघणारी शाखा १९३२ मध्ये शिन-शिबाउरापर्यंत पोहोचली होती. ती वाढवून १ नोव्हेंबर १९४० रोजी उमी-शिबाउरा स्थानक उघडण्यात आले. स्थानकाची जमीन कंपनीच्याच मालकीची आहे. युद्धकाळात, १९४३ मध्ये, हा लोहमार्ग शासनाने ताब्यात घेतला. म्हणजे सार्वजनिक रेल्वेचे एक टोक खाजगी आवारात राहिले. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन झाल्यावर तो पूर्व जपान रेल्वे कंपनीकडे आला.

त्सुरुमी स्थानक वगळता या लोहमार्गावरील सर्व स्थानके १९७१ पासून कर्मचारीविरहित आहेत. प्रवासी बहुतांशी ठराविक वेळी ये-जा करणारे कामगार असल्याने प्रत्येक स्थानकावर तिकीट-तपासनीस ठेवणे काटकसरीचे नव्हते. त्याऐवजी त्सुरुमी येथे गाडी बदलणाऱ्यांची तिकिटे एका स्वतंत्र अंतर्गत फाटकावर तपासली जात. ही व्यवस्था फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालू होती. लहान स्थानकांवर आता प्रवासी आपले इलेक्ट्रॉनिक कार्ड साध्या यंत्रावर टेकवून प्रवासाची नोंद करतात. गाड्यांचे वेळापत्रकही कारखान्याच्या पाळ्यांना अनुसरते : सकाळी व सायंकाळी गाड्या अधिक, तर दुपारी व सुटीच्या दिवशी मोजक्याच असतात.

समुद्राच्या सान्निध्यामुळे येथे कारखान्याशी संबंध नसलेले लोकही येऊ लागले. शोनो योरिको यांच्या १९९४ मध्ये आकुतागावा पारितोषिक मिळालेल्या कथाकृतीत या स्थानकाच्या प्रवासाला मध्यवर्ती स्थान आहे. दरवाजाबाहेर जाता न येणाऱ्या अशा प्रवाशांसाठी तोशिबाने १९९५ मध्ये फलाटाला लागूनच, आपल्या जागेत, एक लहान उद्यान खुले केले. तेथून कालवा आणि त्यापलीकडील त्सुरुमी त्सुबासा पूल दिसतो. परतीची गाडी येईपर्यंत प्रवाशांना तेथे बसता येते.

रेल्वे सामान्यतः वस्तीला जोडण्यासाठी बांधली जाते. येथे वस्ती नाही आणि रस्ताही सर्वांना खुला नाही. एका कारखान्याच्या कामगारांसाठी निर्माण झालेले हे स्थानक त्या कारखान्याच्या गरजेवरच आजवर टिकून आहे. जपानच्या औद्योगिकीकरणात रेल्वे आणि उद्योग यांचे संबंध किती निकटचे होते, याची साक्ष त्याच्या नावातून, वेळापत्रकातून व त्या एकमेव दरवाजातून मिळते.