मोबाईल कळतो म्हणजे बातमी कळते?

‘आजच्या मुलांना काय शिकवायचं? तीच आपल्याला मोबाईल शिकवतात!’ पालकसभेत हे वाक्य हमखास ऐकू येते. पण मोबाईलवर सराईतपणे फिरणारी बोटे आणि मजकुराची पारख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली सहावी ते आठवीच्या मुलांना एका संकेतस्थळाचे पान दाखवले. ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट छापलेली जाहिरात त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना बातमीच वाटली. मोठी माणसे यात पुढे आहेत असेही नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकवर ६५ वर्षांवरील लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट खोट्या बातम्या पुढे पाठवल्याचे नंतरच्या एका अभ्यासात आढळले.

‘व्हिडिओच आहे, मग खोटं कसं असेल?’ हा समज तर जिवावर बेततो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्याआधी व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या काळात दुचाकीस्वार रस्त्यावरचे मूल उचलून नेतात असा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो मुळात मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी कराचीत बनवलेला लघुपट होता. मूल परत आणून देतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. म्हणून ‘हा व्हिडिओ खरा की खोटा?’ एवढे विचारून भागत नाही. तो कुणी काढला, कुठे, कधी, आणि आधी-नंतर काय घडले, हे विचारायला मुलांना शिकवले पाहिजे.

‘मजकूर बारकाईने वाचला की खोटेपणा उघडा पडतो’ हा समज मला सर्वांत फसवा वाटतो, कारण तो आपण शिक्षकच पसरवतो. स्टॅनफर्डचे संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकसारखीच संकेतस्थळे तपासायला दिली. विद्वान मंडळी पान मन लावून वाचत राहिली आणि त्यातले अनेक जण देखण्या मांडणीला भुलले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच त्या पानाबाहेर पडले. ही संस्था कुणाची, तिला पैसा कोण देतो, इतर तिच्याविषयी काय म्हणतात, हे त्यांनी आधी शोधले आणि मग मूळ पान वाचले. हे कौशल्य वर्गात शिकवता येते. एक फॉरवर्ड घ्या, दहा मिनिटे द्या. मुलांनी मूळ बातमी शोधावी, चित्र शोधयंत्रात टाकून ते आधी कुठे आले होते ते पाहावे आणि गोष्ट जवळच्या गावची असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करावा.

‘कशावरच विश्वास ठेवू नका’ ही शिकवणही घातकच. सगळेच खोटे मानणारा मुलगा लसीकरणाची खरी माहितीही झिडकारेल.

आणि ‘एक व्याख्यान ठेवू, झालं!’ असेही होत नाही. २०१९ साली बिहारमध्ये मोठ्यांना घरी जाऊन खोटी माहिती ओळखण्याचे तासभर प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा सरासरी काहीच फरक पडला नाही. पुढे त्याच राज्यात आठवी ते बारावीच्या १३ हजारांहून अधिक मुलांचा समावेश असलेला प्रयोग झाला. त्यात काही आठवड्यांच्या अंतराने वर्ग घेतले गेले. मुलांची पारख सुधारली, चार महिन्यांनंतरही ती टिकली आणि त्यांच्या पालकांमध्येही फरक दिसला.

आपल्याकडे यासाठी वेगळा विषय उघडायची गरज नाही. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आहे, जाहिरातलेखनही आहे. मुले गुणांसाठी बातमी लिहितात. त्याच तासाला दुसऱ्याने लिहिलेली एक बातमी त्यांच्यापुढे ठेवावी आणि तिचा उगम शोधायला लावावा. आणि हे वर्षातून एकदा न करता दर पंधरवड्याला करावे.