सहाशे रुपयांची पेशगी

इक्बाल मसीह या मुलाचे नाव जगाला सर्वदूर ठाऊक झाले ते त्याच्या मृत्यूमुळे. १६ एप्रिल १९९५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, पाकिस्तानातील मुरीदके या गावाजवळ तो आपल्या नात्यातील दोन मुलांसह सायकलवरून जात असता त्याच्यावर गोळी झाडण्यात आली. त्याचे वय बारा वर्षांचे होते, असे मानले जाते. मुरीदके हे नाव आज आपल्या वाचकांना निराळ्याच आणि कटू कारणाने परिचित आहे. लाहोरनजीकच्या त्याच गावात एका दरिद्री पंजाबी ख्रिस्ती कुटुंबात हा मुलगा जन्माला आला होता, याची आठवण आता फारशी कोणास नसावी.

त्याच्या अल्प आयुष्याचे चरित्र म्हणजे वस्तुतः एका कर्जखात्याचा इतिहास होय. थोरल्या भावाच्या लग्नासाठी घरच्यांनी एका गालिचा ठेकेदाराकडून सहाशे रुपये उचलले. त्या रकमेला तिकडे पेशगी म्हणतात. तारण म्हणून चार वर्षांचा इक्बाल मागावर बसला. दिवसाचे बारा-चौदा तास गाठी मारावयाच्या आणि त्याचे वेतन दिवसाला एक रुपया, अशी हकिकत पुढे प्रसिद्ध झाली. साध्या त्रैराशिकाने पाहिले तर सहाशे दिवसांत, म्हणजे दोन वर्षांच्या आत, हे मुद्दल फिटावयास हवे होते. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या राबणुकीनंतर त्याच्या नावावर तेरा हजारांची बाकी निघत होती! शिकाऊ काळाचे वेतन नाही, हत्यारांचे पैसे निराळे, जेवणाचे निराळे, गाठ चुकली तर दंड, त्यावर व्याज, आणि घरात अडचण आली की पुन्हा नवी उचल. वही ठेकेदाराची, आकडे त्याचेच, आणि ज्याच्या नावावर ते मांडले जात त्याला अक्षरओळखही नव्हती.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत करार हा दोन स्वतंत्र व्यक्तींमधील व्यवहार म्हणून शिकविला जातो, आणि कर्ज देणाऱ्यास आपली रक्कम परत हवी असते हे तर गृहीतच असते. वेठबिगारीत नेमके हेच गृहीत उलटे होते. ठेकेदाराला पैसे परत नको असतात. कर्ज फिटले की मजूर मोकळा होणार. मग त्याला बाजारभावाने वेतन द्यावे लागणार. म्हणून कर्ज न फिटणे हाच त्या व्यवहाराचा खरा लाभ असतो. लहान मुलांच्या बोटांनीच बारीक गाठ नीट बसते, असा युक्तिवाद या धंद्यात पिढ्यान् पिढ्या केला गेला. नव्वदच्या दशकात भारतातील गालिचा उद्योगाची जी पाहणी झाली, तीत तो टिकला नाही. मुलांची बोटे निपुण असतात म्हणून नव्हे, तर त्यांना वेतन मागता येत नाही म्हणून त्यांना मागावर बसवितात.

१९९२ साली पाकिस्तानात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्याने असली सर्व कर्जे रद्द ठरविली. म्हणजे ठेकेदाराच्या वहीत तेरा हजार उभे असताना कायद्याच्या लेखी इक्बालचे देणे शून्य होते. ही गोष्ट त्याला सांगणारे मात्र कोणी नव्हते. ती त्याने त्याच वर्षी वेठबिगार मुक्ती आघाडीच्या सभेत ऐकली आणि मागावर परतण्यास नकार दिला. या मुलाचे मोठेपण येथेच आहे, असे मला वाटते. पुढे त्याने केलेली भाषणे धीट होती यात संशय नाही. परंतु आपल्या नावावरचा आकडा खोटा आहे हे दहा वर्षांच्या मुलाने ओळखावे आणि त्यावर विसंबून चालते व्हावे, ही बुद्धी त्याहून दुर्मीळ होय.

नंतरची दोन-अडीच वर्षे त्याने लाहोरच्या शाळेत काढली व चार इयत्तांचा अभ्यास तेवढ्यात उरकला. अन्नाची वाण आणि मागापुढे वाकून बसणे, यांमुळे त्याची उंची चार फुटांपर्यंतही पोहोचली नव्हती. पाहणाऱ्यास तो सहा वर्षांचा वाटे. त्याला वकील व्हावयाचे होते. १९९४ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे पुरस्कार स्वीकारण्यास गेला असता त्याने जवळच्या क्विन्सी गावातील एका शाळेस भेट दिली. त्याच्या निधनानंतर तेथील मुलांनी प्रत्येकी बारा डॉलर अशी वर्गणी मागण्यास सुरुवात केली. बारा हे त्याचे वय, आणि त्याला बांधून घेणाऱ्या रकमेचे मोलही तेवढेच डॉलर. त्या वर्गणीतून पाकिस्तानात कसूर येथे शाळा उभी राहिली.

त्याचा वध कोणी करविला, हा वाद मात्र मिटला नाही. गालिचा धंद्यातील हितसंबंधीयांचे हे कृत्य, असे आघाडीने सांगितले. तेथील मानवी हक्क आयोगाला तसा पुरावा आढळला नाही. या वादात त्याच्या मृत्यूची चर्चा पुष्कळ झाली आणि त्या वहीची चर्चा मागे पडली. पाकिस्तान सरकारने २०२२ साली त्याला मरणोत्तर शौर्यपदक दिले. उचित झाले. पण पदकाने वही तपासली जात नाही.

हे सारे परक्या मुलखातले म्हणून वाचून सोडून देण्याची सोय आपल्याला नाही. भारतात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली, पाकिस्तानच्या सोळा वर्षे आधी झाला. आणि तरीही दरवर्षी बीड-नगरकडच्या गावांतून मुकादमाची उचल घेऊन लाखो कोयते ऊसतोडीला निघतात. ऊसतोड कामगारास कोणी साखळीने बांधत नाही, तेव्हा दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु आगाऊ रक्कम, खाड्याचा दंड, हंगाम संपल्यावर अंगावर राहिलेली बाकी आणि ती फेडण्यासाठी पुढील हंगामाची बांधिलकी, हा क्रम ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. हिशेबाची वही येथेही मुकादमापाशीच असते. आईबापांबरोबर कोपीवर आलेली मुले वाढे गोळा करतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि गावच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे महिनोन् महिने फुल्या पडतात. आपल्यातील अनेक शिक्षकांनी त्या फुल्या स्वहस्ते मारल्या असतील.

१९७६ च्या कायद्याने अशा व्यवहारांच्या चौकशीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूदही त्यात आहे. उचल साधारणपणे दसऱ्याच्या सुमारास हातात पडते. या समित्यांची बैठक त्याआधी भरावी, आणि बैठकीत मुकादमांच्या वह्या मागवून त्या वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी कामगारांपुढे मोठ्याने वाचून घ्याव्यात.