कुरणातील शाळा आणि आपला कुडा

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. चरकाचार्यांनीही वनौषधींचे नामरूप गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, असे सांगितले आहे. (आपण ते परीक्षेपुरते पाठ केले!)

गतवर्षी एका आश्रमशाळेत विज्ञानाच्या तासाला मी कुडा म्हणून फांदी दाखविली. सहावीतील एका मुलीने जोडशेंगांची चिकटलेली टोके दाखवून, ‘हा काळा कुडा, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात,’ असे सांगितले. त्याच झाडाची साल कुटजारिष्टासाठी माझ्याकडे सुकत होती. ती टाकून दिली. मुलीच्या वहीत मात्र जास्वंदीचीच आकृती होती. पुढील वनस्पतिपाठ माळावर, तिच्याकडून घ्यावा, असे शिक्षकांना सुचविले आहे. मीही जाणार आहे.